पहिले पंचवीस प्रयोग

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. उपनगरातलं महापालिकेचं नाट्यगृह, दुपारी चारचा प्रयोग. नाटक नवं, प्रयोग अकरावा. लेखक तिशीतला, दिग्दर्शिका त्याच वयाची आणि चार नटांपैकी एकाचाही चेहरा मालिकेतला नाही. मी आईला घेऊन गेलो होतो. तिसरी घंटा दहा मिनिटं उशिरा झाली, कारण मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता आणि तिकिटं सांगून ठेवलेली काही माणसं अजून गाडीतच होती. दिवे मंदावायच्या आधी मी मागे वळून पाहिलं. नऊशे खुर्च्यांच्या सभागृहात दीडशे माणसं असतील नसतील.

नाटक चांगलं होतं. आई दुसऱ्या अंकात रडली. मध्यंतरात तर बटाटेवड्याच्या रांगेत एका अनोळखी बाईंशी ती नाटकातल्या सुनेची बाजू घेऊन वाद घालत होती. नाटकाला यापेक्षा वेगळं काय साधायचं असतं?

बाहेर पडलो तेव्हा रात्रीच्या प्रयोगाचा ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड दाराशी आणून त्याला झेंडूचा हार घालणं चाललं होतं. एका जुन्या, गाजलेल्या नाटकाचं ते पुनरुज्जीवन होतं. मागच्या दाराशी दुपारच्या नाटकाचा टेम्पो लागला होता. मुलं नेपथ्याचे फ्लॅट उतरवत होती, दोऱ्या गुंडाळत होती आणि निर्माता खिशातून नोटा काढून बॅकस्टेजच्या एकेकाला त्याची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मोजून देत होता. त्या नोटा दीडशे प्रेक्षकांच्या गल्ल्यातून आलेल्या नव्हत्या, त्याच्या घरातल्या होत्या.

मुंबईची व्यावसायिक मराठी रंगभूमी पुन्हा उभी राहिली आहे, असं सध्या सगळीकडे ऐकू येतं. ते खोटं नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने त्यांचे पडदे पुन्हा वर गेले. त्या काळात रंगमंच कामगारांच्या घरी काय दिवस होते, हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना आजच्या हाऊसफुल्लच्या बोर्डाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. त्याच वर्षी प्रशांत दळवी यांचं ‘चारचौघी’ चंद्रकांत कुलकर्णी यांनी नव्या संचात पुन्हा उभं केलं आणि १९९१ सालचं ते नाटक नव्या पिढीने खुर्च्या भरून पाहिलं. मला या सगळ्याचा आनंद आहे.

तरीही मला वाटतं की जुन्या नाटकांचं पुनरुज्जीवन आणि रंगभूमीचं पुनरुज्जीवन या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आहोत. गाजलेलं नाटक पुन्हा आलं की त्याचा प्रेक्षक तयार असतो. त्याच्या आठवणी असतात, आईवडिलांकडून ऐकलेली नावं असतात. रंगभूमी जिवंत आहे की नाही, याची परीक्षा मात्र अनोळखी नाटकावर होते. ज्याच्या नावात, नटात, लेखकात आधीची काहीच पुण्याई नाही, असं नाटक या शहरात पंचवीस प्रयोग टिकतं का? आज याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं. आणि हे पंचवीस प्रयोग टिकवण्याची जबाबदारी एकट्या निर्मात्याची नसून शहराचीही आहे, असं माझं ठाम मत आहे.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. रंगभूमी संपली, असं या शहरात पूर्वीही एकदा सगळ्यांनी मानलं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ करतात, अख्खी मुंबई त्या एका प्रयोगासाठी धावते. आणि पुढच्या पंधरा वर्षांत सगळं ओसरतं. १९३१ मध्ये बोलपट आला, पुढच्याच वर्षी तो मराठीत बोलू लागला. नाटक मंडळी म्हणजे तेव्हा फिरतं बिऱ्हाड होतं. नट, साथीदार, आचारी, कपडेपट, पडदे, सगळ्यांचं पोट कंपनीवर. प्रयोग नसला तरी चूल पेटवावी लागे. कर्जात बुडालेल्या या कंपन्यांना बोलपटाशी टक्कर देता आली नाही. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या चित्रपटात उभे राहिले. जुनी थिएटरं एकामागून एक सिनेमाकडे गेली.

मग रंगभूमी परत आली कशी? प्रेक्षकांना अचानक उपरती झाली म्हणून नव्हे. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव भरवले आणि नाटक पाहायची मोडलेली सवय पुन्हा लावली. मो. ग. रांगणेकरांनी १९४१ मध्ये ‘नाट्यनिकेतन’ काढली आणि पुढच्याच वर्षी ‘कुलवधू’ आणलं. नाटकं घरातली, लांबी आटोपशीर आणि गाणी मोजकी. त्यांनी खर्च आणि करमणूक दोन्ही मध्यमवर्गाच्या मापात बसवली. पुढे बिऱ्हाडी कंपनी जाऊन ‘नाइट’ची पद्धत रुळली. दिवसा बँकेत, रेल्वेत, सचिवालयात नोकरी आणि संध्याकाळी प्रयोग. त्यामुळे नट उपाशी राहिला नाही आणि निर्मात्याच्या डोक्यावर रोजची चूल राहिली नाही. पन्नासच्या दशकात राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. साठच्या दशकात रवींद्र नाट्य मंदिर आणि शिवाजी मंदिर उभी राहिली.

त्या काळातल्या एका संस्थेबद्दल मला नेहमी विशेष वाटतं. धी गोवा हिंदू असोसिएशन ही १९१९ साली मुंबईत आलेल्या गोमंतकीयांनी काढलेली सामाजिक संस्था. तिच्या नाट्यविभागाने, रामकृष्ण नायकांच्या देखरेखीखाली, १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ केलं, १९७० मध्ये ‘नटसम्राट’ केलं, पुढे ‘बॅरिस्टर’ही केलं. ही नाटकं तिकीट लावून, दौरे करून, चोख धंदा म्हणूनच झाली. पण तोट्याची भीती एका माणसाच्या घरावर बसत नव्हती. ती संस्थेने वाटून घेतली होती. म्हणून ज्या नाटकात थकलेला नट दोन-अडीच तास आपल्या म्हातारपणाशी झगडतो, असं नाटक काढायचं धाडस होऊ शकलं. आज एखाद्या निर्मात्याकडे तसं नवं हस्तलिखित गेलं तर त्याचा पहिला प्रश्न काय असेल, हे त्या व्यवसायातल्या कुणालाही विचारा. प्रमुख भूमिकेत कोण आहे, आणि त्याची मालिका कुठल्या वाहिनीवर चालू आहे.

रंगभूमीची दुसरी घसरण सिनेमासारखी एका धडाक्यात आली नाही. ती हळूहळू आली, आणि मला तिची तारीख विचारली तर मी १८ जानेवारी १९८२ सांगेन. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक कधीच आत गेले नाहीत. माझे वडील त्यांतले. ते कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत दर वर्षी काम करत. खात्यातली पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर तालीम. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी नाटकं केलीही आणि पाहिलीही. तिकीट काढून, घरातल्या पाचही जणांना नेऊन. कोकणातून आलेला, दशावतार रक्तात असलेला हा माणूस मुंबईच्या नाटकाचा पक्का गिऱ्हाईक होता. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी ज्या मालवणीत हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, ती मालवणी याच माणसांच्या घरात बोलली जात होती. संपानंतर वडिलांनी नाटकाचं तिकीट काढलेलं मला आठवत नाही. पैसे नव्हते हे एक कारण. पण माणसंही राहिली नव्हती. कुणी गावी गेलं, कुणी डोंबिवलीला, कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला.

त्याच सुमारास टीव्ही रंगीत झाला, पुढे मराठी वाहिन्या आल्या आणि नटाचा दिवस चित्रीकरणाने खाल्ला. लोक टीव्हीला दोष देतात. माझ्या मते शहराचा नकाशा बदलला, हे अधिक मोठं कारण आहे. प्रेक्षक कर्जतच्या आणि विरारच्या गाडीला लागला आणि नाटक बराच काळ दादरलाच थांबलं. नोकऱ्याही बदलल्या. साडेपाचला सुटणारं ऑफिस गेलं, तसा बुधवारी रात्री नाटक बघणारा प्रेक्षक गेला आणि दिवसा बँकेत बसून रात्री प्रयोग करणारा नटही गेला. नाटक शनिवार-रविवारात कोंडलं गेलं, ते आजतागायत तिथेच आहे.

या कोंडीचा हिशेब जरा जवळून बघा. नऊशे खुर्च्या धरा, तिकिटाची सरासरी साडेतीनशे धरा. हाऊसफुल्ल झालं तर तीन लाख पंधरा हजार. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, म्हणून पहिल्या रांगांचा दर बहुतेक निर्माते त्याच आकड्याला थांबवतात. सिनेमासारखं हवं तसं वाढवता येत नाही, आणि वाढवू नयेही. आता दीडशे माणसं धरा. साडेबावन्न हजार. यातून नाट्यगृहाचं भाडं, नटांच्या नाइट, प्रकाश आणि संगीत सांभाळणारे, कपडेपट, रंगभूषा, सेट लावणारी मुलं, टेम्पो, बस, चहा-जेवण आणि वर्तमानपत्रातली जाहिरातीची चौकट. ती चौकट इंचावर विकत घ्यायची असते आणि नवं नाटक जितकं अनोळखी तितकी मोठी चौकट त्याला हवी असते. पहिले काही प्रयोग निर्माता पदरचे घालतो, कारण नाटकाची खरी जाहिरात तोंडोतोंडच होते. माझ्या आईने त्या रविवारनंतर सात घरी फोन केले. त्या सात घरांनी विचारलं, ‘पुढचा प्रयोग कधी?’

आणि इथे खरी मेख आहे. पुढचा प्रयोग कधी, हे निर्मात्यालाच माहीत नव्हतं. बहुतेक नाट्यगृहांत तारखांचं वाटप तीन-तीन महिन्यांचं होतं. महिन्याचे चार शनिवार, चार रविवार. त्यातली रविवार दुपार आणि रविवार रात्र हीच खरी पिकाची जमीन. जुन्या, प्रयोगसंख्या असलेल्या संस्थांना तारखा आधी मिळतात आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात अन्याय आहे असंही नाही. त्यांनी वर्षानुवर्षं त्या खुर्च्या भरल्या आहेत. पण नव्या नाटकाच्या वाट्याला मग तीन आठवड्यांनी एक मंगळवार येतो. तीन आठवड्यांत सात फोनांची ऊब निघून जाते. नटाला मधल्या काळात मालिका मिळते, त्याच्या तारखा जुळेनाशा होतात, बदली नट घ्यायचा तर पुन्हा तालीम आणि पुन्हा खर्च. नाटक वाईट होतं म्हणून पडलं, असं बाहेर सांगितलं जातं. मी पाहिलेली कितीतरी नाटकं वाईट नव्हती. लोक त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्यांच्या तारखा संपल्या.

नवं लिहिणारे नाहीत, हीही तक्रार मला पटत नाही. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ ही एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीला रात्रभर चालते तेव्हा तिथे जाऊन बसा. पहाटे तीनला खच्चून भरलेलं सभागृह, विंगेत पाय ठेवायला जागा नाही, महाविद्यालयांची पोरं एकमेकांच्या एकांकिकांना टाळ्या देत असतात. ‘ऑल द बेस्ट’ एकांकिकेतूनच आलं. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ही आधी एकांकिका होतं. आवली आणि रखुमाई अशा दोनच बायका रंगमंचावर, एकही विनोदी प्रवेश नाही, गाणी अभंगाच्या वळणाची. कागदावर हे नाटक कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं. भद्रकाली या नाट्यसंस्थेने २०१७ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, धीराने चालवलं, आणि लोक पुन्हा पुन्हा येत राहिले. ते चाललं कारण एक जुनी, नाव असलेली संस्था त्याच्यामागे पहिले प्रयोग उभी राहिली. ज्याच्यामागे अशी संस्था नाही, त्याचं काय? एकांकिकेच्या व्यासपीठावरून व्यावसायिक रंगभूमीकडे येणाऱ्या पुलाची मधली कमान पडलेली आहे. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने ती कमान उभी केली होती. शाळेचं सभागृह, बसायची साधी सोय, थोडा प्रेक्षक आणि नाटकाला चुकायची मुभा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे नाटकाचे शत्रू नसतात. ते म्हणतात, व्यावसायिक नाटक हा व्यवसाय आहे. चाललं तर चाललं, पडलं तर पडलं. करदात्याचा पैसा त्यात कशाला? पण पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन ही नाट्यगृहं करदात्याच्या पैशातूनच उभी आहेत. ती बांधताना कुणी नफ्याचा हिशेब मांडला नव्हता. आपण ग्रंथालय चालवतो, उद्यान चालवतो, तरणतलाव चालवतो, आणि त्यातून किती सुटले असं विचारत नाही. नाट्यगृहाकडे मात्र भाड्याने द्यायचा हॉल म्हणून बघतो. लग्नसराईत, निवडणुकीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या मोसमात नाटकाच्या तारखा कापल्या जातात, तेव्हा हीच नजर काम करत असते. आणि ज्यांची पत आहे ते या माऱ्यातून तरतात. मरतो तो नवा.

नव्या नाटकांसाठी राज्य सरकारची अनुदान योजना आहे, ती राहावीच. पण मला पैशापेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. मुंबई आणि ठाण्याच्या महापालिकांनी आपल्या प्रत्येक नाट्यगृहात महिन्यातला एक रविवार, दुपार आणि रात्र दोन्ही, पंचवीस प्रयोग पूर्ण न झालेल्या नाटकांसाठी राखून ठेवावा. त्या दिवसाचं ठरावीक भाडं घेऊ नये. जो गल्ला होईल त्यातला ठरलेला हिस्सा घ्यावा. दीडशे माणसं आली तर पालिकेला थोडं मिळेल, नऊशे आली तर भरपूर. प्रत्येक सभागृहात एक रविवार म्हणजे नव्या नाटकाला शहरभर फिरत दर आठवड्याला कुठे ना कुठे उभं राहता येईल, आणि आईच्या सात फोनांना उत्तर मिळेल. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. ठराव लागतो.

याच्या जोडीला रवींद्रमधल्या मिनी थिएटरसारखी छोटी सभागृहं प्रत्येक उपनगरात हवीत, जिथे अडीचशे माणसांत नाटक भरलेलं वाटतं. रिकाम्या खुर्च्या नटाला खातात. भरलेल्या छोट्या खोलीत तोच नट दुप्पट उंच होतो. आणि रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच असणार, हे मान्य केलं तरी नाट्यगृहांच्या वेळा त्याप्रमाणे हलवायला काय हरकत आहे? चारचा प्रयोग साडेपाचला केला तर कल्याणचा माणूस पोचतो. स्वच्छतागृह, चालणारं एसी, म्हाताऱ्या माणसाला वर न्यायला लिफ्ट यांबद्दल कलावंतांनी इतक्या वेळा लिहिलं आहे की मी पुन्हा लिहीत नाही. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही दोन नाट्यगृहांत जाणं सोडलं आहे, एवढंच नोंदवतो.

दामोदरचं मात्र लिहायलाच हवं. ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं परळचं हे नाट्यगृह १९२२ सालचं. माझ्या वडिलांच्या पिढीला नाटक म्हणजे काय, हे त्या वास्तूने शिकवलं. २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी ते बंद झालं, तेव्हा कलावंत आणि परळकर विरोधात उभे राहिले, कारण नवीन इमारतीत नाट्यगृह तेवढंच, तसंच आणि कधी होणार, हा प्रश्न होता. जुन्या वास्तू पडतात, पडाव्याही लागतात. पण ज्या जागेवर नाट्यगृह होतं तिथे आधी नाट्यगृह उभं राहील आणि मग बाकीचं, असा दंडक मुंबईत हवा. गिरणगावात मॉल झाले, मनोरे झाले. त्या मनोऱ्यांच्या सावलीतल्या चाळींत अजून माणसं राहतात, आणि त्यांना चालत जाता येईल असं एक नाट्यगृह त्यांच्या हक्काचं आहे.

त्या रविवारच्या नाटकाचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. त्या मुलांना अजून या व्यवसायात उभं राहायचं आहे. अकराव्या प्रयोगानंतर त्यांना एक गुरुवार मिळाला, मग कोकणातला एक कंत्राटी प्रयोग, मग महिन्याभराने एक शनिवार सकाळ. चौदा झाले. सुनेचं काम करणारी मुलगी आता एका मालिकेत आहे, महिन्याचे बावीस दिवस. सेट भिवंडीजवळच्या एका गोदामात आहे, त्याचं भाडं निर्माता अजून भरतो. आई मधूनमधून विचारते, त्या नाटकाचा प्रयोग लागलाय का रे कुठे? मी दर शनिवारी जाहिरातींचं पान उघडतो. पंधरावा प्रयोग अजून लागलेला नाही.